जांभ्यातली भोकं लाव्हाची नव्हेत

सोसायटीच्या फाटकाला कमान बांधायचं ठरलं आणि एका सकाळी रत्नागिरीहून जांभ्याच्या, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाच्या, चिऱ्यांचा ट्रक पुण्यातल्या सहकारनगरात येऊन उभा राहिला. ठेकेदाराच्या पत्रकात छापलं होतं, 'ज्वालामुखीची ऊर्जा साठवलेला अस्सल लाव्हा दगड'. शेजारच्या काकांनी चिऱ्यातल्या एका भोकात करंगळी घातली आणि म्हणाले, "बघ, लाव्हा उकळत होता तेव्हाचे बुडबुडे. अजून तसेच आहेत!"

ऊर्जेचं सोडून द्या. दगडात साठवून विकता येणारी ऊर्जा कोळशात असते, जांभ्यात नव्हे. काकांचं म्हणणं मात्र अर्धं बरोबर आहे, म्हणून त्यावर बोलायला हवं.

जांभ्याचं मूळ लाव्हाच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे शंकूसारखा डोंगर फुटून नव्हे, तर जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचले. आज उरलेला पसाराच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. वेताळ टेकडी, सिंहगड आणि रत्नागिरीचा किनारा ही सगळी एकाच घरची मंडळी. लाव्हात वायूचे बुडबुडे अडकतात हेही खरं. पण ते बघायचे तर वाघोलीकडच्या खाणींतला काळा फत्तर, म्हणजे बेसाल्ट, बघा. त्यातली भोकं गोल किंवा बदामी असतात आणि बरीचशी झिओलाइट नावाच्या खनिजांच्या पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली. तिथलंच कॅव्हान्साइट हे निळंशार खनिज जगभरच्या संग्राहकांकडे पोचलं आहे.

आता हातभिंग जांभ्यावर धरा. भोकं वेडीवाकडी, नळीसारखी, गांडुळांनी पोखरल्यासारखी आणि आतून पिवळट. लाव्हा थिजला तेव्हा यातलं एकही नव्हतं. ती नंतर पाण्याने पाडली.

ते असं. काळ्या बेसाल्टमध्ये साधारण ५० टक्के सिलिका, बाकी ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम वगैरे. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पावसाचं पाणी किंचित आंबट होतं. हे पाणी खडकातली खनिजं मोडतं. सोडियम आणि कॅल्शियम लगेच वाहून जातात, मॅग्नेशियम त्यांच्या मागोमाग, सिलिका रेंगाळत जाते. ॲल्युमिनियम मात्र जवळजवळ हलत नाही, त्याची केओलिन नावाची पांढरट चिकणमाती होते. राहिलं लोह. त्याची दोन रूपं आहेत. फेरस रूप पाण्यात विरघळतं, फेरिक विरघळत नाही. बोअरचं पाणी बादलीत नितळ दिसतं आणि तासाभराने तांबूस होतं, तो याच दोन रूपांचा खेळ.

कोकणात हा खेळ दरवर्षी होतो. पावसाळ्यात खडक पाण्याने गच्च भरतो, आत ऑक्सिजन उरत नाही, जिवाणू फेरिकचं फेरस करतात आणि लोह पाण्याबरोबर थोडं सरकतं. दसऱ्यानंतर पाण्याची पातळी उतरते, हवा आत शिरते आणि सरकलेलं लोह असेल तिथे गंजून बसतं: गोथाइट म्हणून पिवळं, हेमेटाइट म्हणून तांबडं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. अशी लाखो वर्षं गेली की लोहाचा जाळीदार सांगाडा तयार होतो आणि जाळीत अडकलेली मऊ केओलिन माती हळूहळू धुऊन जाते. तिची रिकामी जागा म्हणजे काकांचे बुडबुडे.

यासाठी मुसळधार पाऊस हवा आणि कोरडा उन्हाळाही हवा. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्यात जेमतेम ७०० ते ७५०. आपल्याकडे कॅल्शियम-मॅग्नेशियम पुरतं धुतलंच जात नाही, म्हणून त्याच बेसाल्टची इकडे काळी कपाशीची माती होते. महाबळेश्वर-पाचगणीच्या आणि कासच्या पठारावर मात्र डोक्यावर पुन्हा जांभाच.

ताज्या खणलेल्या चिऱ्यात ओल असते, तो कुऱ्हाडीने तासता येतो. उघड्यावर वाळताना त्यातल्या लोहातलं पाणी निघून जातं, स्फटिक घट्ट होतात आणि दगड कडक होतो. स्कॉटिश डॉक्टर आणि सर्वेक्षक फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली मलबारातल्या या दगडाला 'लॅटेराइट' म्हटलं ते लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून. विटेला भट्टी लागते, याला ऊन पुरतं. आणि एक गंमत: पुण्यात चिरेबंदी वाडा म्हटलं की काळा दगड डोळ्यांपुढे येतो, कोकणात तांबडा.

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळावर, जुन्या माणसांनी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत. बारसू, उक्षी, कशेळीची ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. तिथल्या देवाचे गोठणे गावच्या शिल्पाजवळ होकायंत्र भरकटतं, म्हणून परग्रहवासीयांचे व्हिडिओ फिरतात. लोहाने खच्चून भरलेल्या खडकावर होकायंत्र बिचकलं तर त्यासाठी परग्रहावरून कोणी यायची गरज नाही.

हे सगळं मी काकांना फाटकाशी उभं राहूनच सांगितलं. केओलिनपाशी ते घड्याळ बघायला लागले होते, म्हणून वाघोलीच्या फत्तराचा तुकडा घरून आणून चिऱ्याशेजारी ठेवला आणि दोन्हींवर थेंब थेंब पाणी टाकलं. फत्तरावर थेंब तसाच चकाकत राहिला. चिऱ्याने तो पिऊन टाकला, मागे गडद डाग.

"अरे, हा तर पाणी पितोय!" काका म्हणाले, आणि लगेच, "मग कमान ओल धरेल की."

धरेल. म्हणूनच कोकणात जांभ्याच्या घरांना भिंतीपासून हातभर पुढे आलेली छपरं असतात. आमच्या कमानीच्या नकाशात छप्पर नव्हतं. काका मिस्त्रीला शोधायला गेले.