सूर्य मावळणं वेगळं, ढग येणं वेगळं

नागपुरात छतावर सोलर लावायचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "त्याचं काही खरं नाही भाऊ. रात्री बंद, ढग आले की बंद." एका दमात दोन निराळ्या अडचणी सांगून होतात. दोन्हींवरचा उपाय एक नाही, म्हणून त्या सुट्या करून पाहायला हव्यात.

रात्र ठरलेली असते. आपल्याकडे डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सातच्या आसपास; पुढच्या वर्षीची वेळही आजच सांगता येते. मे महिन्यातली सौर विजेची घटही अशीच हिशोबातली. कडक उन्हात वीज जास्त बनते असा समज आहे, पण पॅनेलमधल्या सेलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन कमी होतं.

ढगाचं तसं नाही. ऑगस्टच्या दुपारी एक दाट ढग छतावर आला की काही मिनिटांत उत्पादन कोसळतं, आणि तो नेमका कधी येईल हे आदल्या दिवशी कुणी सांगू शकत नाही. वाऱ्यात तर दोन्ही गोष्टी आहेत. पावसाळ्यात साताऱ्याच्या पठारांवरच्या पवनचक्क्या जोरात फिरणार हे माहीत असतं. उद्या तीन वाजता किती, याचा मात्र अंदाजच.

नकाशा समोर घेतला की फरक पटकन कळतो. नागपुरात धरमपेठेवर ढग असताना जवळच्या कामठीत ऊन असू शकतं, त्यामुळे हजारो छतं एकत्र मोजली की असे चढउतार बरेचसे जिरतात. रात्रीपुढे ही युक्ती चालत नाही. नागपूरचा सूर्य मुंबईच्या वीस ते तीस मिनिटं आधी मावळतो, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासात अख्खं राज्य अंधारात. आणि मे महिन्यात तेव्हा भिंती तापलेल्याच असतात, कूलर-एसी चालूच.

म्हणून रात्रीसाठी तासन्‌तास पुरेल अशी सोय लागते: बॅटऱ्या, घाटघरसारखा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प (जादा विजेने पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडून वीज बनवायची), नाहीतर आपल्या कोराडीचे कोळशावर चालणारे ६६० मेगावॉटचे संच. कोळशाचा संच संध्याकाळी ऐनवेळी पेटवता येत नाही, त्यामुळे दुपारी सौर वीज भरपूर असतानाही तो कमी भारावर चालूच ठेवावा लागतो. सौर विजेच्या चर्चेत या खर्चाबद्दल फार कमी बोललं जातं, हे मला खटकतं.

ढगासाठी लागतो चांगला अंदाज आणि चटकन कमी-जास्त करता येणारी वीज. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग करून उत्पादनाचं वेळापत्रक ठरतं. अंदाज मर्यादेबाहेर चुकला की मोठ्या प्रकल्पांना भुर्दंड पडतो.

आधी कळलेला धक्का किती मोठा सोसता येतो, हे ५ एप्रिल २०२० ला दिसलं. रात्री ९ वाजता देशभर नऊ मिनिटं दिवे मालवले गेले, मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने उतरली. वेळ माहीत होती, म्हणून जलविद्युत केंद्रांनी उत्पादन झपाट्याने कमी करून पुन्हा वाढवलं आणि ग्रिड, म्हणजे देशभरचं वीजवाहिन्यांचं जाळं, टिकली.

घरापुरतं बोलायचं तर नेट मीटर (ग्रिडला दिलेली आणि तिच्याकडून घेतलेली वीज मोजून वजावट करणारा मीटर) असेल तेव्हा ढग आणि रात्र दोन्ही ग्रिड सांभाळते. त्यांच्या धास्तीने बॅटरी घेऊ नका. लाइट गेल्यावर पंखा चालू राहायला हवा असेल, तर घ्या. कारण भर उन्हातही लाइट गेली की साधं ऑन-ग्रिड, म्हणजे ग्रिडला जोडलेलं बिनबॅटरीचं, सोलर थांबतं. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) ते मुद्दाम बंद करतो.