ओझं कोणतं आणि भार कोणता?

आमच्या इंदूरच्या घरात बायबलं दोन. एक आजीचं, नगरहून तिच्याबरोबर आलेलं मराठी. दुसरं हिंदी, कारण रविवारची उपासना हिंदीत. परवा नव्या करारातल्या गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय दोन्हींत शेजारी ठेवून वाचला, तर मराठीत दुसऱ्या वचनात 'ओझी' आणि पाचव्यात 'भार'. हिंदीत दुसऱ्यात 'भार' आणि पाचव्यात 'बोझ'. नेमकं उलट! म्हणजे नुसत्या शब्दांवरून काही ठरवायला जावं, तर इंदूरकराची पंचाईतच.

घोळ शब्दांपुरता असता तर सोडून दिला असता. पण हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल दुसऱ्या वचनात सांगतो की एकमेकांची ओझी वाहा, आणि तीनच वचनं पुढे म्हणतो, ज्यानं त्यानं आपला भार आपणच वाहायचा. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, ही दोन्ही वचनं सोयीनं वापरली जातात. मदत मागणारा दुसरं म्हणतो, हात आखडणारा पाचवं.

मूळ ग्रीकमध्ये शब्द वेगळे आहेत. दुसऱ्या वचनात 'बारोस', म्हणजे वजन, दाबून टाकणारा जडपणा. येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवसभर राबलेले मजूर कुरकुरतात की आम्ही दिवसाचा भार आणि ऊन सोसलं, तिथे शुभवर्तमान लिहिणारा मत्तय हाच शब्द वापरतो. पाचव्यात 'फोर्तिऑन', म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेला बोजा, वाहून न्यायचा माल. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात पौलाच्या जहाजातल्या मालाला हा शब्द आहे, आणि 'माझं ओझं हलकं आहे' असं येशू म्हणतो तिथेही हाच.

मात्र हा फरक फार ताणू नये. शास्त्री आणि परूशी, म्हणजे यहुदी धर्मशिक्षक आणि नियम काटेकोर पाळणारा पंथ, लोकांच्या खांद्यांवर जड ओझी लादतात, असं येशू म्हणतो (मत्तय २३), तिथे 'फोर्तिऑन'लाच 'जड' हे विशेषण लागलं आहे. शब्दकोश रस्ता दाखवतो, निकाल संदर्भच देतो.

इंदूरच्या सियागंज बाजारात सकाळी उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं. साखरेचं पोतं जमिनीवरून पाठीवर एकट्यानं घेता येत नाही. दोघं दोन टोकांना धरतात, तिसरा वाकून पाठ देतो, 'हं' म्हटलं की पोतं चढतं. मग तो एकटाच दुकानापर्यंत चालत जातो. आणि चालताना कुणी मागून पोत्याला हात लावला तर तोल जाईल म्हणून ओरडतो. पोतं एकच, पण उचलताना बारोस आणि चालताना फोर्तिऑन. (पौल सियागंजात आला नव्हता, हे मान्य.)

आता संदर्भ. ओझ्यांबद्दल बोलण्याआधी, पहिल्याच वचनात, पौल कुणाचं उदाहरण देतो? आजारी माणसाचं नाही, विधवेचं नाही. अपराधात सापडलेल्या माणसाचं. त्याला सौम्यतेनं सावरून घ्या, म्हणतो. तिथलं क्रियापद मार्कच्या शुभवर्तमानात याकोब आणि योहान नावेत बसून जाळी नीट करताना येतं. फाटलेलं जाळं फेकत नाहीत, गाठी मारून पुन्हा कामाला लावतात. म्हणजे 'त्याची चूक, तोच निस्तरेल' हा युक्तिवाद पौलानं आधीच मोडीत काढला आहे. स्वतःच्या हातानं ओढवून घेतलेलं ओझंही ओझंच.

मग पाचवं वचन कुणासाठी? तिसरं-चौथं वाचा: आपण कुणीतरी आहोत असं समजू नका, स्वतःचं काम पारखा, दुसऱ्याच्या तुलनेत फुशारू नका. हे पडलेल्याला नाही, त्याला उचलणाऱ्याला सांगितलं आहे. शिवाय दोन्ही वचनांत क्रियापद एकच, पण दुसऱ्यात आज्ञा आहे, 'वाहा'. पाचव्यात साधा भविष्यकाळ, 'वाहील'. मराठीत 'वाहिला पाहिजे' झालं, हिंदीत 'उठाएगा' राहिलं. इथे हिंदी मूळच्या जास्त जवळ आहे, हे आजीच्या बायबलाची क्षमा मागून म्हणतो. शेजारी घसरला म्हणून तुझे गुण वाढत नाहीत, हिशेबाच्या वेळी तुझी पाटी तुझ्याच डोक्यावर असेल, असा त्याचा रोख. मदत नाकारायचं कलम ते नव्हेच.

काम करायची इच्छा नसेल त्यानं खाऊही नये, असं थेस्सलनीकेकरांना लिहिलेलं वाक्यही असंच अर्धं वापरलं जातं. त्यातला 'इच्छा' हा शब्द गाळला की बेकार माणूस आळशी ठरतो. लिहिणारा पौल स्वतः तंबू शिवून पोट भरत होता, फिलिप्पैकरांनी पाठवलेली मदत घेतही होता, आणि यरुशलेमच्या गरिबांसाठी मासेदोनिया आणि अखयातून वर्गणीही गोळा करत होता.

आमच्या मंडळीत मागे असंच झालं. एका घरातल्या मुलानं मोबाइलवर सट्टा खेळून कर्ज करून ठेवलं. उपासनेनंतरच्या चहाला एका काकांनी पाचवं वचन म्हटलं आणि कप खाली ठेवला, विषय संपल्यासारखा. आठवडाभर त्या घरी कुणी गेलं नाही. मग एक मावशी डबा घेऊन गेल्या. पुढच्या सोमवारी मंडळीतले दोघं मुलाबरोबर बँकेत गेले, हप्ते लांबवून घेतले, आणि त्याचा फोन महिनाभर बापाकडे ठेवायचं ठरलं. पैसे कुणी भरले नाहीत. हप्ता मुलाच्याच पगारातून जातो, अजून दीड वर्ष जाईल.

काकांचं म्हणणं, म्हणजे मी म्हटलं तेच झालं ना. मावशींचंही तेच.