टॉर्पेडो रांजण: नाव एक, भांडी दोन

‘टॉर्पेडो जार’, म्हणजे टॉर्पेडोसारखा लांबट मातीचा रांजण, असं कुठे वाचलं, की आधी विचारायचं: कुठला? या नावाची भांडी दोन आहेत आणि त्यांच्यात हजारेक वर्षांचं अंतर आहे.

पहिला रांजण फिनिशियन, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांचा. १९९९ मध्ये समुद्रतळाचे शोधक रॉबर्ट बॅलार्ड आणि पुरातत्त्वज्ञ लॉरेन्स स्टेजर यांनी इस्राएलच्या किनाऱ्यावरच्या अश्कलॉनच्या पश्चिमेला सुमारे ४०० मीटर खोल पाण्यात बुडालेली दोन जहाजं तपासली. लाकूड बरंचसं नाहीसं झालेलं, पण रांजणांचा ढीग अजून जहाजाच्याच आकारात पडलेला. एकेक रांजण साधारण ७० सेंटिमीटर उंच, १८ लिटरच्या आसपास मावणारा. खांद्याला ठसठशीत कंगोरा, त्याखाली दोन छोटे कान, बूड निमुळतं. आतून झाडाची राळ फासलेली, कारण माल वाइनचा.

दुसरा मेसोपोटेमिया-इराणकडचा, ससानियन (इस्लामपूर्व इराणी साम्राज्य) आणि सुरुवातीच्या इस्लामी काळातला. याला ना मान, ना कान. जाड गोल काठ थेट अंगावर बसवलेला आणि आतून काळंकुट्ट खनिज डांबर. हा आपल्या घारापुरीलाही आला. भारतात त्याची खापरं बराच काळ रोमन अँफोरा (दोन कानांचे वाइन-तेलाचे रांजण) म्हणून नोंदली जात होती. पुरातत्त्वज्ञ रोबर्टा टॉम्बर यांनी ती पुन्हा पाहिली, तेव्हा घोळ उघड झाला.

आता काळ कसा ठरवायचा? कार्बन-१४ लावा, असं कुणीही म्हणेल. राळ झाडाची, म्हणजे तिच्यात कार्बन-१४ (काळानुसार ठरावीक वेगाने घटणारा किरणोत्सारी कार्बन) असतो, पण इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात त्यावरून वर्ष काढायचा आलेख जवळजवळ सपाट आहे. अडीचशे वर्षं पुढची-मागची राळही जवळपास सारखीच तारीख देते. म्हणून इथे आकारच कामाला येतो. उत्तर इस्राएलमधलं हझोर हे गाव अश्शूरींनी (प्राचीन मेसोपोटेमियातलं साम्राज्य) इ.स.पू. ७३२ च्या सुमारास उद्ध्वस्त केलं. अशा तारीख ठाऊक असलेल्या थरांतल्या रांजणांशी खांदा आणि काठ ताडून पाहिले, की जहाजं इ.स.पू. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात बसतात.

डांबराची गत आणखी वाईट. ते लाखो वर्षं जमिनीत मुरलेलं, त्यात कार्बन-१४ उरलेलाच नाही. रासायनिक तपासणीतून ते कुठल्या भागातलं हे कळतं, काळ नाही. त्यामुळे घारापुरीच्या तुकड्यालाही शेवटी काठ पाहूनच आणि सोबतची भांडी पाहूनच शतक द्यावं लागतं.