काचफुले (हार्वर्ड विद्यापीठ)

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात जपलेला काचेच्या वनस्पती-प्रतिकृतींचा संग्रह. लिओपोल्ड ब्लाश्का (१८२२–९५) व मुलगा रूडॉल्फ (१८५७–१९३९) या बापलेकांनी जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या होस्टरविट्झ येथे, घरच्याच कार्यशाळेत, १८८७ ते १९३६ या काळात तो घडवला. त्यात सुमारे ७८० जातींच्या ४,३०० च्या आसपास प्रतिकृती आहेत. अधिकृत नावात ‘वेअर संग्रह’ असा उल्लेख येतो, कारण हे एक स्मारक आहे. हार्वर्डच्या १८३४ च्या तुकडीतले डॉ. चार्ल्स एलियट वेअर यांच्या स्मरणार्थ पत्नी एलिझाबेथ व मुलगी मेरी ली यांनी त्याचा खर्च उचलला. लोक मात्र ‘काचफुले’ एवढेच म्हणतात. डॉक्टरांचे नाव पाटीवर राहिले.

त्या काळी वनस्पतिशास्त्राच्या वर्गात दाखवायला असत ते दाबून वाळवलेले, रंग उडालेले नमुने, नाहीतर मेणाच्या किंवा कागदी लगद्याच्या ओबडधोबड प्रतिकृती. विद्यापीठाच्या वनस्पती संग्रहालयाचे संचालक जॉर्ज लिंकन गुडेल यांनी ब्लाश्कांनी काचेत घडवलेले सागरी प्राणी पाहिले होते. १८८६ मध्ये ते थेट होस्टरविट्झला जाऊन धडकले. बापलेक राजी नव्हते. सागरी प्राण्यांच्या धंद्यात त्यांचे बस्तान बसले होते, आणि लिओपोल्ड यांनी पूर्वी केलेली काचेची ऑर्किडे १८६८ मध्ये बेल्जियममधल्या लिएज शहरातील आगीत गेली होती. अखेर थोडे नमुने करून पाठवले, तर ते अमेरिकी कस्टम्सच्या तपासणीत मोडले. तरीही त्या तुकड्यांवरूनच कामाची जात ओळखू आली. १८९० मध्ये दहा वर्षांचा करार झाला : वर्षाला ८,८०० मार्क, आणि दुसऱ्या कुणाचे काम घ्यायचे नाही.

यात काही गुप्त विद्या होती, अशी समजूत अजूनही ऐकू येते. खरे तर साधने साधीच होती : दिवा, त्याच्या ज्योतीला फुंकर घालणारा पायाने चालवायचा भाता, काचेच्या कांड्या, चिमटे. काच ज्योतीवर मऊ करून ओढायची, चिमटायची, वळवायची. देठाच्या आत आधाराला तार घालायची. काही जोड ज्योतीवर, तर काही सरसाने बसवायचे. सुरुवातीला रंग वरून लावत. पुढे रंगीत काच आणि काचेची रंगीत पूड भाजून चढवणे आले. अख्ख्या रोपाशेजारी फुलाचे, बीजांडाचे मोठे करून दाखवलेले छेद ठेवलेले असतात, कारण हे सारे शेवटी विद्यार्थ्यांसाठी होते. काजूची फांदीही त्यात आहे : पिकलेले बोंड आणि खाली लटकणारी बी. कोकण-गोव्याकडच्या माणसाची नजर तिथे क्षणभर अडकेल.

संग्रहाचा विसाव्या शतकातला सगळा भाग एकट्या रूडॉल्फ यांचा आहे. १८९५ मध्ये ते वनस्पती गोळा करायला अमेरिकेत असतानाच वडील वारले. त्यानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी हाताखाली कुणालाही न घेता काम केले. बाजारची काच पसंत पडेना, तेव्हा काच आणि मीनाही ते स्वतःच बनवू लागले. पहिल्या महायुद्धाने आणि त्यामागून आलेल्या महागाईने काम रखडले, थांबले मात्र नाही.

सर्वांत थोर काम नासक्या फळांचे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. १९२४ ते १९३२ या काळात रूडॉल्फ यांनी रोगट पेअर, पीच, स्ट्रॉबेरी घडवली. करड्या बुरशीने वेढलेल्या स्ट्रॉबेरीवरची ती लव काचेचीच, हे पटायला वेळ लागतो. निर्दोष गुलाब करणारे कारागीर आणखीही सापडतील. कुजण्याची नेमकी पायरी काचेत पकडणारा विरळाच. रूडॉल्फ १९३६ मध्ये थांबले. मूलबाळ नव्हते, शागीर्द नव्हता. हात तिथेच संपला.

आता काळजी आहे ती टिकवण्याची. काही प्रतिकृतींची काच आतूनच खराब होते, वरचे रंग सुटतात, जुना सरस पकड सोडतो. दालनाचे नूतनीकरण होऊन ते २०१६ मध्ये पुन्हा उघडले. फुले सहसा बाहेरगावी जात नाहीत. १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी काही नेली, तेव्हा गाडीला हिसके कमी बसावेत म्हणून त्यांना शववाहिकांतून नेण्यात आले.