जांभळं पिकली, वाघळं आली

ऑक्टोबर सरत आला की झांबियातल्या कसांका राष्ट्रीय उद्यानात तिन्हीसांजेला आभाळ काळं होतं. पावसाचे ढग नव्हेत, वाघळं! दलदलीतल्या एका छोट्याशा राईत दिवसभर उलटी लटकलेली ही मंडळी अंधार पडता पडता चरायला बाहेर पडतात. एकेकाचं वजन पाव किलोच्या आसपास; पण एकाच फांदीवर इतकी गर्दी करतात की फांदी मोडून खाली येते. खाली मगरी असतातच.

पेंढ्याच्या रंगाची ही फळवाघळं येतात ती पहिल्या पावसाच्या तोंडावर पिकणाऱ्या रानफळांसाठी. त्यातलं एक फळ तर आपल्या जांभळाचं सख्खं भावंडच. वाघूळ फळ चावतं, टाळूवर दाबून रस पितं आणि चोथा थुंकून टाकतं. बारीक बिया मात्र पोटात जातात आणि उडता उडता कुठेतरी पडतात. घानामध्ये जीपीएस लावून केलेल्या अभ्यासात या बिया ७५ किलोमीटरपर्यंत जाऊ शकतात असं दिसलं. उघड्या माळावर रान परत उभं राहायचं तर असा पेरक्या हवाच.

जानेवारी उजाडेपर्यंत राई रिकामी होते. संशोधकांनी चार वाघळांवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली, तेव्हा ती उत्तरेला काँगोकडे निघाल्याचं कळलं. एकाने तर १४९ दिवसांत अडीच हजार किलोमीटर कापले.

ही वाघळं किती? वर्षानुवर्षं ८० लाख ते १ कोटी असा आकडा सांगितला जाई. अलीकडे कॅमेरे लावून संगणकाकडून मोजणी केली, तर ती साडेसात ते पावणेदहा लाख भरली. जुना आकडा नजरेच्या अंदाजाचा, त्यामुळे दोन्हींची वजाबाकी करून ‘घट’ काढणं चूक ठरेल. पण चिंता वाटायला त्या वजाबाकीची गरजच नाही. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, आणि एकट्या घानात वर्षाकाठी सव्वा लाखाहून जास्त वाघळं मांसासाठी विकली जातात, असा अंदाज आहे.

(आपणही फार शहाणे नव्हतो. १९७२च्या वन्यजीव कायद्याने फळवाघळांना उंदीर-कावळ्यांच्या पंक्तीत, ‘उपद्रवी’ म्हणून बसवलं होतं. ती यादी २०२२च्या दुरुस्तीत गेली.)

कसांकाची राई जपली जाते, हे खरं. पण ती त्यांची झोपायची जागा. जेवण आसपासच्या रानात, आणि वर्षाचे बाकीचे नऊ-दहा महिने दुसऱ्या मुलखात. उद्यानाभोवती शेतीसाठी झाडं तुटली, वणवा राईच्या कडेपर्यंत आला, तर तिथल्या पहारेकऱ्याच्या हाती फारसं काही उरत नाही.