जैवविघटनशील धातू-नॅनोकण

जैवविघटनशील धातू-नॅनोकण : कर्करोगाची गाठ दाखवणारे, तीच गाठ आतून तापवून मारणारे आणि काम उरकल्यावर शरीरातच फुटून बाहेर पडणारे किंवा जिरणारे धातूयुक्त सूक्ष्म कण. निदान आणि उपचार यांच्या या जोडीला थेरानॉस्टिक्स म्हणतात. कणांचा आकार बहुधा 10 ते 200 नॅनोमीटर असतो. माणसाचा केस सुमारे 80,000 नॅनोमीटर जाड असतो.

कण गाठीपर्यंत पोहोचतो कसा, यावर भरपूर लिहिले जाते. खरी अडचण नंतरची: तो जातो कुठे? 1930 च्या सुमारास क्ष-किरण चित्रांसाठी थोरोट्रास्ट हे द्रव शिरेतून देऊ लागले. थोरियम डायऑक्साइडच्या त्या कणांमुळे रक्तवाहिन्या सुरेख दिसत. पण कण यकृतात आणि प्लीहेत बसले ते बसलेच. ते किरणोत्सर्गी असल्याने पुढे काही दशकांनी अनेक रुग्णांना यकृताचा कर्करोग झाला. सोने किरणोत्सर्गी नसले, तरी त्याचे मोठे कण त्याच दोन अवयवांत महिनोन्‌महिने साठून राहतात.

मूत्रपिंडाची चाळणी साधारण 5.5 नॅनोमीटरपर्यंतचेच कण सोडते. पण इतका बारीक कण गाठीत मुरण्याआधीच लघवीवाटे निघून जातो. म्हणून जाताना मोठा आणि निघताना लहान, अशी कणाची रचना करावी लागते. टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी 2010 मध्ये सोन्याचे 4 नॅनोमीटरचे कण विघटनशील बहुवारिकाने (पॉलिमरने) बांधून त्यांचे पुंजके केले. बहुवारिक विरघळले की पुंजका सुटतो.

मुंबईतले काम याच वाटेवरचे आहे. पवईच्या आयआयटीतील रोहित श्रीवास्तव यांचा गट आणि खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेतील संशोधक यांनी लायपोसोमवर, म्हणजे मेदाच्या पोकळ पुटिकेवर, सोन्याचा मुलामा चढवला. हे उंदरांवरील संशोधन 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. पुटिका फुटल्यावर सोन्याचे बारीक तुकडे उरतात आणि ते पित्तावाटे व लघवीवाटे बाहेर पडतात. ‘जैवविघटनशील’ हा शब्द इथे जरा सैलच वापरला जातो: विघटन पुटिकेचे होते, सोने सोनेच राहते. (सुवर्णभस्माशी याची गल्लत करू नये, तो पोटात घेण्याचा वेगळा कल्प आहे.)

सोन्याचे साधे कण पाण्यात लालभडक दिसतात. पुटिकेवर पातळ कवच झाले की तो रंग बदलतो, कारण आता ते जवळचा अवरक्त, म्हणजे लाल रंगालगतचा पण डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश शोषू लागते. अंधारात तळहाताखाली विजेरी लावली, तर हात लाल उजळतो. निळा-हिरवा प्रकाश रक्तात अडकतो, लाल पार होतो. अवरक्त त्याहून खोल जातो. लेसर टाकताच कवच तापते आणि भोवतालच्या पेशी मरतात. सोन्याचा अणुक्रमांक 79, तर सीटी स्कॅनसाठी नेहमी देतात त्या आयोडिनचा 53. जड अणू क्ष-किरण जास्त अडवतो, त्यामुळे सीटी स्कॅनमध्येही सोने ठळक उमटते.

लोहाची गोष्ट वेगळी, कारण शरीराला लोह ओळखीचे आहे. आयर्न ऑक्साइडचे कण भक्षक पेशी पचवतात आणि ते लोह फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनात साठते किंवा नव्या हिमोग्लोबिनात जाते. फेरुमॉक्सिटॉल हे असेच औषध. अमेरिकेत 2009 मध्ये त्याला मान्यता मिळाली ती मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातील रक्तक्षयासाठी. डॉक्टर एमआरआयसाठीही ते वापरतात. काही लोहकण बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तापतात. मेंदूच्या गाठींसाठी अशा उपचाराला युरोपात 2010 मध्ये परवानगी मिळाली. मात्र तिथे कण शिरेतून न देता थेट गाठीत टोचतात.

शिरेतून दिलेल्या कणांचे गणित निराशाजनक आहे. 2016 मध्ये जुन्या प्रयोगांची एकत्र छाननी झाली, तेव्हा दिलेल्या मात्रेपैकी मध्यकाने अवघे 0.7 टक्के गाठीत पोहोचल्याचे दिसले. हे प्रयोग मुख्यतः उंदरांवरचे होते. लेसरही सेंटिमीटरभर खोलीनंतर क्षीण होतो. त्यामुळे खोलवरच्या गाठीसाठी प्रकाशतंतू सुईने आत न्यावा लागतो. अमेरिकेत प्रोस्टेट कर्करोगाच्या 16 रुग्णांवर याच पद्धतीने उपचाराची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. त्या कणांचा गाभा सिलिकाचा होता, कवच सोन्याचे. विघटनशील पुटिका त्यांत नव्हती.