रॉक गार्डन, चंदीगड

नदीतले गोटे, कारखान्यांत धातू वितळवल्यावर उरणारी मळी आणि शहराने टाकून दिलेले सामान यांतून उभे राहिलेले शिल्पोद्यान. चंदीगडच्या सेक्टर १ मध्ये, सुखना तलाव आणि शासकीय इमारतींचे कॅपिटॉल संकुल यांच्यामधल्या घळीत ते २५ एकरांहून अधिक जागेवर पसरले आहे. कर्ते नेकचंद सैनी (१५ डिसेंबर १९२४ – १२ जून २०१५) हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. उद्यानाची ओळख सहसा ‘टाकाऊतून टिकाऊ’ या दोन शब्दांत उरकली जाते. तिथली कामे इतकी वर्षे ऊनपाऊस सोसत उभी राहिली ती मात्र सिमेंटच्या जाणकारीमुळे आणि सामान वर्षानुवर्षे निवडून साठवण्याच्या शिस्तीमुळे. या नोंदीत त्या कारागिरीवरच अधिक भर दिला आहे.

नेकचंद मूळचे शकरगढ भागातले. फाळणीनंतर तो भाग पाकिस्तानात गेला. १९५१ मध्ये ते चंदीगडला नोकरीस लागले. वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार नवे शहर बांधताना जुनी खेडी पाडली जात होती. त्या पाडकामातली खापरे, कौले, फरशा आणि शिवालिकच्या पायथ्याच्या ओढ्यांतले गोटे ते १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून सायकलवरून आणत गेले. राखीव हरित पट्ट्यात बांधकामाला बंदी असल्याने सारे काम लपून, नोकरीच्या वेळेबाहेर चाले. १९७० च्या दशकात ते उघडकीस आले. पाडून टाकण्याऐवजी प्रशासनाने १९७६ मध्ये उद्यान लोकांसाठी खुले केले आणि नेकचंद यांना पगार व मजूर देऊन त्याच कामावर नेमले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

सर्वांत जुन्या भागात मानवी हात कमीत कमी दिसतो. पाण्याने झिजून माणूस, पक्षी किंवा जनावरासारखे झालेले दगड फक्त उभे करून मांडले आहेत. असा दगड उभा करण्यात मुख्य प्रश्न तोलाचा असतो. उंचीचा निदान चौथा हिस्सा सिमेंटच्या बैठकीत जायला हवा आणि बुडाचा गुळगुळीतपणा छिन्नीने मोडायला हवा. गोट्याच्या घोटीव अंगाला सिमेंट-वाळूचा मसाला धरत नाही. दोन पावसाळ्यांत भोवती बारीक फट पडते, तिच्यात पाणी जाते आणि दगड हलू लागतो.

उद्यानाच्या भिंती हा वेगळाच अभ्यासाचा विषय आहे. काही ठिकाणी डांबराची रिकामी पिंपे काँक्रीट भरून रचली आहेत, तर काही ठिकाणी विजेच्या जोडणीतले चिनीमातीचे पांढरे भाग ओळीने बसवले आहेत. गोणपाटाच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटवर पाटाची वीण जशीच्या तशी उमटते. झाडांच्या मुळांसारखे आकार याच रीतीने साधतात. एकाच वस्तूची शेकडोंनी पुनरावृत्ती झाली की ती वस्तू कचरा वाटेनाशी होते. म्हणून असे काम करणाऱ्याने पहिले वर्ष साठ्यालाच द्यावे, हे बरे. दहा प्रकारच्या दहा-दहा वस्तूंपेक्षा एका प्रकारच्या शंभर वस्तू हाताशी असल्या, तर भिंतीची घडण त्यांतूनच सुचत जाते.

माणसे व जनावरांच्या आकृतींना आत लोखंडाचा सांगाडा असतो. सायकलच्या चौकटी, पुढचे चिमटे, हँडल आणि पाइप त्यासाठी वापरले गेले. बैठकीची गादी जनावराचे डोके होऊन जाते. गंज आणि जुना रंग तारेच्या ब्रशने खरवडून काढावा लागतो, कारण रंगावर सिमेंट धरत नाही. पाइपांची उघडी तोंडे बुजवावी लागतात. आत साचलेले पाणी लोखंड आतून खाते. सांगाड्यावर कोंबडीजाळीचे दोन-तीन थर ताणून बांधणी तारेने आवळायचे. जाळी सैल राहिली तर मसाला तिच्यामागे पोकळ राहतो. थापीच्या दांड्याने ठोकल्यावर बद्द आवाज आला, तर तेवढा भाग लगेच काढून पुन्हा भरावा. अॅल्युमिनियमचे तुकडे सांगाड्यात घेऊ नयेत. ओल्या सिमेंटमधल्या अल्कलीशी त्यांची प्रक्रिया होऊन वायू सुटतो आणि मसाला सच्छिद्र होतो.

मसाल्याचे चालते प्रमाण एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली वाळू. ५० किलोच्या गोणीला २० ते २२ लिटर पाणी पुरते. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मुठीत दाबलेला गोळा आकार धरून राहिला आणि तळहात चिंब झाला नाही, म्हणजे मसाला जमला. २५ मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर पृष्ठभागाला १२ ते १३ किलो सिमेंट आणि सुमारे ४० किलो वाळू लागते. उन्हाळ्यात अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच मसाला कालवावा. घट्ट होऊ लागल्यावर वर पाणी मारून तो पुन्हा मऊ करणे हा सर्रास होणारा आणि सर्वांत महाग पडणारा प्रकार आहे. असा थर पुढे हाताने खरवडता येतो. महाराष्ट्रात क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, वापरताना तिच्यातली भुकटी जास्त असेल तर धुऊन घ्यावी, नाहीतर केसासारख्या भेगा पडतात. खाडीची वाळू तर टाळावीच. तिच्यातल्या मिठाने लोखंड झपाट्याने गंजते, गंजलेले लोखंड फुगते आणि वरचा थर पापुद्र्यांनी सुटतो. हेच टाळण्यासाठी जाळीवर निदान ५ आणि जाड पाइपांवर १५ ते २० मिलिमीटर मसाल्याचे आवरण ठेवतात.

पहिला थर ओरखडे काढून खडबडीत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी ओला करून त्यावर ८ ते १० मिलिमीटरचा दुसरा थर चढवायचा. तुकडे बसतात ते याच थरात. कपबशा आणि फरशांची न चकाकणारी पाठ पाणी शोषते. त्यामुळे ते तुकडे अर्धा तास भिजवून, पुसून लावायचे. कोरडे लावले तर ते मसाल्यातले पाणी ओढून घेतात आणि मागचा थर पीठ होतो. काचेला भिजवण्याचा उपयोग नाही. ती चिकटत नाही, फक्त अडकून राहते. म्हणून बांगडीचा तुकडा दोन्ही टोके आत जातील असा रोवावा आणि तुकड्याची अर्ध्याहून अधिक जाडी मसाल्यात दडवावी. रॉक गार्डनमधल्या बांगड्यांच्या स्त्री-आकृतींवर जे रंगाचे पट्टे दिसतात ते तुकडे आधी रंगवार वेगळे केल्याशिवाय जमत नाहीत, आणि त्या निवडानिवडीलाच बसवण्याइतका वेळ जातो. चेहरे बहुधा मोकळे ठेवून निव्वळ सिमेंटने घोटलेले असतात. लोखंडाच्या ओतशाळेतली काळी मळी किंवा जळकी वीट लावलेल्या आकृतींचा खरबरीतपणा त्यांच्याशेजारी फार उठून दिसतो.

तुकड्यांवर आलेला सिमेंटचा पातळ थर दोन तासांच्या आत ओल्या स्पंजने पुसावा. तो वाळल्यावर आम्लाने काढायला गेले की सांधेच पोखरले जातात. त्यानंतर ओल्या गोणपाटाखाली सात ते दहा दिवस पाणी मारत राहायचे. काच आणि सिमेंटमधली अल्कली यांची ओलाव्यात संथ प्रक्रिया होते आणि सांधे फुगू शकतात. राखमिश्रित सिमेंट, म्हणजे बाजारातले पीपीसी, वापरल्यास हा धोका बराच घटतो. फुटलेल्या ट्यूबलाइटची काच मात्र घेऊ नये, तिच्यात पारा असतो. कामाच्या वेळी हातमोजे आणि चष्मा हवाच. हाताच्या उंचीवरच्या काचेच्या कडा पॉलिशच्या दगडाने मारून घ्याव्यात.

१९८० च्या दशकापासूनच्या भागांत धबधबे, उंच कमानी आणि त्यांना टांगलेले झोके आले. नेकचंद परदेशात व्याख्यानांना गेले असताना १९९६ मध्ये उद्यानाची मोडतोड झाली, आणि पुढे त्याच्या जपणुकीसाठी संस्था उभ्या राहिल्या. दुरुस्तीतली अडचण सामानाची आहे. मूळ बांगड्या, क्रोकरी आणि चिनीमातीचे विजेचे भाग आता बाजारात नाहीत, तेव्हा निखळलेला प्रत्येक तुकडा जागेवरच वेचून, जागेची खूण लिहून ठेवावा लागतो. जुन्या पृष्ठभागावर सरसकट नवा सिमेंटचा हात फिरवला, तर ओल आत कोंडते आणि सांगाडा बाहेरून न दिसता गंजत राहतो. फुगलेला भाग तेवढाच कापून, लोखंड उघडे करून, घासून, पुन्हा भरणे हीच रीत बरोबर आहे, वेळ कितीही लागला तरी.